तिसऱ्या उसळीच्या आधीचं लिहा

प्रति,
हलक्या विमानांच्या अपघातांची चौकशी करणारे सर्व तपास अधिकारी

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी नागपूरच्या एका शाळेत सव्वीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवते. आमचं घर सोनेगावच्या बाजूला आहे, त्यामुळे विमानतळावर उतरणारी विमानं गच्चीवरून दिसतात. माझी लेक लहानपणी तिथेच बसून गृहपाठ करायची आणि आवाज आला की वही सोडून कठड्याला लटकायची. आज ती वैमानिक होण्याचं शिक्षण घेते आहे. दोन उन्हाळ्यांपूर्वी, मे महिन्यात, ती एकटीने उडवत असलेलं विमान उतरताना मोडलं.

संस्थेचं नाव, धावपट्टीचं नाव, चौकशी कोणत्या कार्यालयाने केली, हे मी मुद्दाम लिहीत नाही. कोणाला कोर्टात किंवा पेपरात खेचण्यासाठी हे पत्र नाही. तो अहवाल मी इतक्यांदा वाचला आहे की त्यातल्या टायपिंगच्या चुकाही पाठ झाल्या आहेत. त्यात जे लिहिलं आहे त्याबद्दल माझी फार तक्रार नाही. जे लिहिलंच नाही, त्याबद्दल तुम्हा सगळ्यांशी बोलायचं आहे.

आधी काय झालं ते सांगते. विमान सेस्ना १५२. दोन आसनं, ११० अश्वशक्तीचं इंजिन, माणसं आणि इंधन धरून जास्तीत जास्त ७५७ किलो. दुपारचे पावणेचार वाजले होते. सर्किटच्या, म्हणजे उडून धावपट्टीभोवती वळसा घालून पुन्हा उतरायच्या, दोन फेऱ्या नीट झाल्या, ती दोनदा व्यवस्थित उतरली. तिसऱ्या वेळी बिनसलं. धावपट्टीच्या अगदी जवळ आल्यावर विमानाचं नाक हळूहळू वर घ्यायचं असतं, म्हणजे वेग मरत जातो आणि मागची दोन चाकं आधी टेकतात. याला ही मुलं फ्लेअर म्हणतात. लेकीकडून नाक पुरेसं वर आलं नाही. पुढचं चाक आधी आपटलं आणि विमान उसळलं. तिने घाबरून योक, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली करायचं हातातलं सुकाणू, पुढे ढकललं. दुसरी उसळी पहिलीपेक्षा मोठी निघाली. तिसऱ्या उसळीनंतर खाली आल्यावर पुढच्या चाकाचा पाय दुमडला, पंख्याची पाती जमिनीवर आपटून वाकली आणि विमान नाकावर घसरत कडेच्या मुरमात जाऊन थांबलं. सगळा प्रकार सात-आठ सेकंदांचा. तिचं डावं मनगट मोडलं, कपाळाला चार टाके पडले.

पहिल्या उसळीनंतरच पूर्ण पॉवर देऊन तिने पुन्हा वर जायला हवं होतं. ते तिला शिकवलेलं होतं. तिने ते केलं नाही. ती चुकली. आई असूनही मी हे लपवत नाही, आणि तीही लपवत नाही.

माझी सासू म्हणाली, "पोरगी घरी आली नं, बस झालं. आता कागदपत्रात काय शोधते?" त्यांचं म्हणणं मला समजतं. त्यांच्या डोळ्यांसमोर १८ मार्च २०२३ होता. त्या दिवशी गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरून उडालेलं प्रशिक्षणाचं विमान बालाघाट जिल्ह्यात कोसळलं होतं आणि विमानातले दोघेही गेले होते. आमच्या भागात ज्यांच्या घरचं कोणी उडायला शिकतं, त्या प्रत्येक घरात त्या रात्री कोणी जेवलं नसेल. तरीही मी कागदपत्रं शोधली, कारण मला पुढच्या मुलीची काळजी वाटत होती.

अहवाल यायला चौदा महिने लागले. पाच पानं. त्यातलं दीड पान विमानाचा क्रमांक, इंजिनाचे तास, परवान्यांच्या तारखा यांत गेलं आहे. पाचव्या पानावर संभाव्य कारण एका वाक्यात: प्रशिक्षणार्थीने उतरताना विमान अयोग्य रीतीने हाताळले. त्याखाली शिफारस एकच: प्रशिक्षणार्थीला सुधारात्मक प्रशिक्षण द्यावे.

मी शिक्षिका आहे, म्हणून माझ्या कामातलं सांगते. नववीच्या पेपरात गोलीय आरशाच्या सूत्रात एक मुलगा चिन्ह चुकवतो, तेव्हा ती त्याची चूक असते. वर्गातली अकरा मुलं तेच चिन्ह त्याच ठिकाणी चुकवतात, तेव्हा मला माझा फळा आठवावा लागतो. त्या दिवशी मी आकृती कोणत्या बाजूने काढली होती? तास शाळेच्या शेवटी होता का? अकरा उत्तरपत्रिकांवर लाल रेघ मारून मी घरी गेले, तर पुढच्या वर्षी पुन्हा अकरा. लेकीच्या बॅचमधल्या एका मुलीने नंतर तिला खाजगीत सांगितलं, की त्याच आठवड्यात तिचंही विमान दोनदा असंच उसळलं होतं. शेजारी प्रशिक्षक होते म्हणून निभावलं. हे तिने तेव्हा कोणाला सांगितलं नव्हतं. अहवाल आल्यावर तर ती कधीच सांगणार नाही. जे सांगतात त्यांच्या नावापुढे काय लिहिलं जातं, हे सगळ्यांनी पाहिलं आहे.

आता ते, जे कोणी विचारलं नाही.

माझी लेक चणीने लहान आहे, उंची १५२ सेंटीमीटर. सेस्नाच्या आसनावर नुसती बसली तर तिला इंजिनाच्या झाकणावरून पुढचं नीट दिसत नाही. म्हणून मी तिला एक छोटी गादी शिवून दिली होती. इतवारीतून कडक फोम आणला आणि वरून जुन्या जीन्सचं कापड लावलं. पहिल्या उड्डाणापासून ती त्याच गादीवर बसून शिकली. फ्लेअर हा सगळा नजरेचा खेळ आहे, असं तिचे प्रशिक्षक सांगतात: धावपट्टीचं दूरचं टोक, तिच्या कडा आणि विमानाचं नाक यांचं जे चित्र समोर दिसतं, त्यावरून हात चालतात. ते चित्र डोळ्यांच्या उंचीवर ठरतं. डोळे खाली गेले की नाक जास्त वर आल्यासारखं वाटतं, आणि पुढचं दिसावं म्हणून माणूस नकळत नाक खाली ठेवतो.

त्या दुपारी तिला ठरलेलं विमान मिळालं नाही. त्यात काहीतरी दुरुस्ती निघाली, आणि घाईघाईत तिला दुसऱ्या विमानात बसवलं. गादी पहिल्या विमानात राहिली. तिने आसन जमेल तेवढं वर-पुढे घेतलं आणि निघाली. परत जाऊन गादी आणली असती तर रांगेतला तिचा नंबर गेला असता.

हे तिने मला आठ महिन्यांनी सांगितलं. रात्री भांडी आवरताना, अगदी सहज: "आई, त्या दिवशी तुझी गादी नव्हती गं माझ्याकडे." मी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

गादी नव्हती म्हणून अपघात झाला, असा माझा दावा नाही. पहिल्या दोन फेऱ्या ती गादीशिवायच नीट उतरली होती, आणि मी भौतिकशास्त्र शिकवते, एका निरीक्षणावरून नियम काढत नाही. पण चौकशी संपली, शिक्का बसला, तरी हा प्रश्न खोलीत आलाच नाही, हे मला पटत नाही. तिचा जबाब तिसऱ्या दिवशी झाला. मनगट प्लॅस्टरमध्ये, कपाळाला पट्टी, समोर चौकशीचे साहेब आणि बाजूला संस्थेची दोन माणसं. पंचवीस मिनिटं, सगळं इंग्रजीत. तिला इंग्रजी चांगलं येतं. पण घाबरलेल्या माणसाला बारीकसारीक गोष्टी आपल्याच भाषेत आठवतात, आणि ज्यांच्या हाती आपले पुढचे तास आहेत त्यांच्यासमोर तर कोणत्याच भाषेत आठवत नाहीत. तिने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं दिली. नजरेबद्दल, आसनाबद्दल, विमान बदलल्याबद्दल प्रश्नच नव्हता.

मोठ्या विमानात उड्डाणाची माहिती आणि कॉकपिटमधले आवाज टिपणारी यंत्रं असतात. सेस्ना १५२ मध्ये असलं काही नसतं. त्यात बसलेल्या मुलीची आठवण हीच तिथली नोंद. ती पुसट होण्याआधी, शांतपणे, विश्वासाने काढून घ्यावी लागते. बाकीचे पुरावेही असेच निसटतात. नियंत्रण कक्षातली ध्वनिमुद्रणं किमान ३० दिवस जपावीत असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. विमानं ठेवायच्या हँगरच्या कोपऱ्यातल्या कॅमेऱ्यासाठी असलं काही कोणी लिहून ठेवलेलं नाही. विमान बदलताना तिच्या हातात गादी होती की नव्हती, हे त्या कॅमेऱ्यात दिसलं असतं. मी विचारलं तेव्हा त्या दिवसाचं चित्रण केव्हाच पुसलं गेलं होतं.

दुसरी गोष्ट उन्हाची. अहवालात हवामानापुढे लिहिलं आहे: दृश्यमानता चांगली, उड्डाणास योग्य. विदर्भातल्या मे महिन्यातल्या पावणेचारच्या दुपारबद्दल एवढंच! त्या दिवशी तापमान ४४ अंश होतं. धावपट्टी समुद्रसपाटीपासून साधारण हजार फुटांवर आहे. प्रमाण वातावरणात हजार फुटांवर १३ अंश धरतात, म्हणजे हवा ३१ अंशांनी जास्त तापलेली. वैमानिकांच्या ढोबळ हिशेबाने दर जादा अंशामागे विमान १२० फूट उंच असल्यासारखं धरा, आणि त्यात धावपट्टीचे हजार मिळवा. उत्तर येतं पावणेपाच हजार फुटांच्या आसपास. जमिनीवर उभं असलेलं ते विमान हवेच्या विरळपणाच्या दृष्टीने चिखलदऱ्याच्याही हजार फूट वर होतं. वेगाच्या काट्यावर ६० नॉट दिसत असताना खरा वेग ६४च्या पुढे असतो. वेगात सात टक्क्यांची वाढ म्हणजे गतिज ऊर्जेत जवळपास पंधरा टक्क्यांची वाढ. वेगाचा वर्ग होतो, हे माझे नववीचे विद्यार्थीही सांगतील. त्यात वारा नव्हता, आणि दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी कापसाची जमीन दुपारभर तापून वर वाफारे सोडत होती. अशा वेळी विमान धावपट्टीवर तरंगत राहतं, खाली बसायला मागत नाही, आणि शिकाऊ हात त्याला जबरदस्तीने खाली बसवू पाहतो.

मे महिन्यात शिकाऊ मुलांना सहसा सकाळी लवकर उडवतात, ते याचसाठी. मग ती पावणेचारला का उडाली? कारण आठवडाभर विमानं कमी होती आणि तासांचा अनुशेष साचला होता. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास लागतात, आणि प्रत्येक तासाचे पैसे आमच्यासारख्या घरांनी कर्ज काढून भरलेले असतात. मुलं "नको" म्हणत नाहीत. आम्हीच फोनवर विचारतो, "किती तास झाले?" हे लिहिताना मला माझाही वाटा दिसतो. तिच्या लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, त्या उड्डाणाच्या आधी एकोणीस दिवसांची मोकळी जागा आहे. त्या आधीच्या सहा उड्डाणांवर तीन वेगवेगळ्या प्रशिक्षकांच्या सह्या आहेत. तिघांची फ्लेअर शिकवायची पद्धत वेगळी होती. एक नजर दूर ठेव म्हणायचे, एक जवळ. प्रशिक्षकही कोवळेच, पंचविशीच्या आतबाहेरचे, तेही आपले तास जमवत असलेले. त्यांच्यावर माझा राग नाही. पण लॉगबुक चौकशीत जमा केलं होतं. तपास अधिकाऱ्यांनी त्यातले एकूण तास अहवालात उतरवले आणि एकोणीस दिवसांची ती पोकळी उतरवली नाही.

असा खोलवर तपास आपल्याकडे होतच नाही असं मुळीच नाही. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला मोठं प्रवासी विमान पावसात धावपट्टी ओलांडून खाली गेलं, २१ जणांचा जीव गेला. त्याचा २०२१ मधला अहवाल मी शब्दकोश जवळ घेऊन वाचला. ठरलेली पद्धत पाळली गेली नाही हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. पण तो तिथे थांबत नाही. कॅप्टनच्या बाजूचा वायपर नीट चालत नव्हता इथपासून दुसऱ्या दिवशीच्या उड्डाणाला तिथे कॅप्टन किती उपलब्ध होते इथपर्यंत तो मागे मागे जातो. मृत माणसाच्या हाताने काय केलं हे सांगून मग त्या हातापाशी काय काय येऊन पोचलं होतं ते शोधतो. मला ते वाचून रडू आलं, आणि कोणीतरी इतकं विचारलं याचं समाधानही वाटलं.

लहान विमानांच्या वाट्याला हे का येऊ नये? विमान अपघातांच्या चौकशीच्या आपल्या २०१७ च्या नियमांत वजनाची एक रेघ आहे, २२५० किलो. तिच्या वरच्या विमानाला अपघात झाला तर विमान अपघात अन्वेषण विभागाने चौकशी करायचीच असते. ७५७ किलोचं विमान त्या रेघेच्या बरंच खाली येतं. मनुष्यबळ मर्यादित असतं, रेघ कुठेतरी मारावी लागते, हे मला मान्य आहे. पण माणसाच्या हाडाला ती रेघ माहीत नसते. शिकागो करार म्हणजे नागरी विमानवाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार; त्याच्या तेराव्या परिशिष्टात अपघाताची व्याख्या दिली आहे. बोटं किंवा नाक यांचं साधं मोडणं सोडून कोणतंही हाड मोडलं तर ती गंभीर इजा, आणि गंभीर इजा झाली तर तो अपघात. माझ्या लेकीचं मनगट त्या व्याख्येत बसतं. त्याच परिशिष्टात चौकशीचा एकमेव हेतू लिहिला आहे: पुढचे अपघात टाळणे, दोष किंवा जबाबदारी ठरवणे हा नव्हे. आपल्या नियमांतही हेच आहे. मग एका मुलीकडे बोट दाखवून संपणारा अहवाल त्या हेतूत कसा बसतो?

माझे वडील पोस्टात होते. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची विमानटपाल सुरू झाली, तेव्हापासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची विमानं रोज मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला एकत्र येत, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल करत आणि उजाडायच्या आत परतत. बाबा साठच्या दशकात त्या कामावर होते. मद्रासची पिशवी कलकत्त्याच्या विमानात गेली, तर ती कोणी चढवली हे पाच मिनिटांत कळायचं, असं ते सांगायचे. पण त्यांचे एक वरिष्ठ तेवढ्यावर वही मिटत नसत. दिवा कुठे टांगला होता, चिठ्ठी पिशवीच्या कोणत्या बाजूला होती, त्या रात्री विमानं कोणत्या क्रमाने आली, हे सगळं ते चढवणाऱ्याच्या शेजारी बाकावर बसून लिहून घेत. मग एका रात्री दिव्याची जागा बदलली. बाबांना ते शेवटपर्यंत आठवत होतं. आपल्याला ओरडा बसला नाही, याचंच त्यांना जास्त अप्रूप होतं.

तुमच्याकडे माझं मागणं याहून मोठं नाही. उतरताना मोडलेल्या लहान विमानाच्या अहवालात तिसरी उसळी जशी लिहिता, तसं तिच्या आधीचंही लिहा. मूल किती दिवसांनी उडत होतं, कोणाकोणाकडून शिकलं, उड्डाणाची वेळ कोणी ठरवली, विमान ऐनवेळी बदललं का, त्या तासाला तापमान आणि वारा किती होता, त्याला आसनावरून काय दिसत होतं. मुलांशी बोलताना संस्थेच्या माणसांना बाहेर बसवा. मराठी मुलाशी मराठीत, हिंदी मुलाशी हिंदीत बोला. टंकलेखन मागाहून इंग्रजीत करता येईल. एकदा बोलून झाल्यावर महिन्याभराने पुन्हा बोला, कारण धक्का ओसरल्यावर गाद्या आठवतात. अंतिम अहवाल शक्यतो १२ महिन्यांत द्यावा, आणि नाही जमलं तर वर्षाच्या तारखेला चौकशी कुठवर आली ते जाहीर करावं, असंही त्या परिशिष्टात आहे. तेवढं केलंत तर आमच्यासारख्यांना कार्यालयांच्या पायऱ्या झिजवाव्या लागणार नाहीत. आणि अहवाल पूर्ण झाला की तो शिकणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातात पडू द्या. माझ्या लेकीच्या अपघाताचा अहवाल तिच्या स्वतःच्या बॅचने वाचलेला नाही.

ती पुन्हा उडते आहे. सुधारात्मक प्रशिक्षणाचे पाच तास तिने पूर्ण केले. त्या तासांत तिला उसळलेलं विमान कसं सावरायचं ते नीट शिकवलं, त्याबद्दल मी त्या प्रशिक्षकांची मनापासून आभारी आहे. मनगट थंडीत दुखतं. आता तिच्या बॅगेत दोन गाद्या असतात, दुसरी मी त्याच मापाची शिवली. पहिली अपघातानंतर अकरा दिवसांनी त्या दुरुस्तीला गेलेल्या विमानात सापडली, आसनावर, जशीच्या तशी.

तिची जाडी साडेसहा सेंटीमीटर आहे. लेक बसल्यावर ती दबून पाच होते; मी दोन्ही वेळा पट्टी लावून मोजलं आहे. तुमच्यापैकी कोणाला ती पाहायची असेल, तर गादी घेऊन मी म्हणाल त्या दिवशी, म्हणाल तिथे येईन.

आपली नम्र,
एका प्रशिक्षणार्थी वैमानिकाची आई
नागपूर